धुक्यातली मोकळी जागा

त्या संध्याकाळी मी कोठीच्या बाजारात आईची औषधं घ्यायला गेले होते. औषधं आता नावालाच होती. डॉक्टरांनी सकाळीच मला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं होतं की दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरी न्या, जवळच्यांना बोलावून घ्या. तरी मी दुकानाच्या गर्दीत इतरांसारखीच चिठ्ठी पुढे करून उभी राहिले. रिकाम्या हातानं घरी जायची हिंमत होत नव्हती. तिथंच पुण्याहून धाकट्या भावाचा, गौतमचा फोन आला.

"ताई, उद्या सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट मिळालं. नऊच्या आत घरी पोचतो. आईला सांग, थांब म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले. "तू फक्त वेळेवर ये."

खरं तर विमानं वेळेवर का येत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. लोकांना वाटतं आम्ही टॉवरवर उभं राहून झेंडे हलवतो. मी बसते ती खोली टॉवरच्या खाली आहे, तिला खिडकी नाही, आणि माझं काम आकाशातली विमानं रडारवर बघून त्यांना एकामागे एक रांगेत लावायचं, धावपट्टीकडे पाठवायचं. नात्यागोत्यात कुणाचंही विमान लेट झालं की पहिला फोन मला. "माधवी, तू आहेस ना तिथं? मग जरा बघ की!" भाजीवाल्याकडून ओळखीनं दोन टोमॅटो जास्त घ्यावेत, तसं त्यांना वाटतं.

त्यांना मी शंभरदा समजावलंय, तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वापरातली धावपट्टी एक. स्वच्छ हवेत दोन विमानांमध्ये थोडं अंतर ठेवलं तरी भागतं. धुकं आलं की तेच अंतर दुप्पट करावं लागतं, कारण पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं की नाही हे टॉवरला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे तासाभरात जितकी उतरायची, त्यांच्या निम्मीच उतरतात. जी अजून निघालेली नसतात त्यांना त्या त्या गावी जमिनीवरच धरून ठेवायला सांगतो. जी निघून चुकलेली असतात ती शहराबाहेर एकावर एक, हजार हजार फुटांवर, घिरट्या घालत राहतात. सगळ्यात खालचं सुटलं की वरची सगळी एकेक पायरी खाली येतात. आत बसलेला माणूस मात्र पायलटला शिव्या घालतो.

हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला भगवंतरावांनी शिकवली. ते आमच्यातले सगळ्यात जुने, आता निवृत्त होऊन दिलसुखनगरला असतात. स्वभावानं खट्याळ, चहा पिताना सगळ्यांची खेचणार, पण धुकं पडलं की एकदम गप्प. धुक्याच्या सकाळी ते रांगेत एक जागा मोकळी सोडायचे. सहा-सात विमानं झाली की एकाइतकी फट. पंगतीत मागून येणाऱ्यासाठी पान मांडून ठेवतात, तशी. साहेबांनी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "एखादं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर त्याला परत रांगेत घ्यायला जागा नको?" आणि ते पटण्यासारखंच होतं. पण एकदा सकाळभर कुणीही परत वर गेलं नव्हतं, वर सात विमानं ताटकळत होती, आणि तरी त्यांनी ती फट भरू दिली नाही. मी वैतागून विचारलं, "सर, ही जागा कुणासाठी?"

"कुणाची तरी असते," ते स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाले. "आपण फक्त सोडायची. भरायची नाही."

आम्ही सगळ्यांनी ती सवय उचलली. का, ते विचारू नका. मी दही-साखर खाऊन परीक्षेला गेलेली मुलगी आहे, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. टॉवरवरचा सुधीर एकदा मला म्हणाला होता, "मॅडम, विमान उतरलं की धावपट्टीकडेच्या गवतातल्या टिटव्या ओरडत उठतात, बघितलंय ना? तुमची ती मोकळी जागा जाते ना, तेव्हापण उठतात. खाली काही नसतं. तरी उठतात." मी त्याला म्हटलं, रात्रपाळी कमी कर. तो हसला नाही.

गौतम यायचा त्या दिवशी मी रजा घेतली होती. पहाटे कामावरून फोन आला. बाहेरच्या रस्त्यावर इतकं धुकं होतं की सकाळच्या पाळीची दोन माणसं वाटेतच अडकली होती. मॅडम, दोन तास तरी या. शोभामावशी रात्रभर आमच्याकडेच होत्या. मावशी म्हणजे बरकतपुऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या, पण सख्ख्या मावशीहून जवळच्या. त्या म्हणाल्या, "जा तू. मी हाय की इथं. खामखा परेशान नको होऊ."

गाडी चालवताना मला बॉनेटचं टोकसुद्धा धड दिसत नव्हतं. उजाडलं होतं, पण उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. सगळीकडे सारखाच पांढरा. ओल्या मातीचा आणि जळक्या टायरचा वास येत होता. कधी नव्हे ते मला त्या पांढऱ्या रंगाची भीती वाटली.

मी खुर्चीत बसले, हेडफोन चढवला, आणि पुण्याचं विमान शोधलं. ते वर पोचलेलं होतं. सात विमानांच्या चळतीत चौथं. मी मनातल्या मनात हिशेब केला. पुढे तीन विमानं होती, मग भगवंतरावांची ती जागा, मग गौतम.

थोड्या वेळानं पुण्याच्या विमानाची पायलट बोलली. बाईचा शांत आवाज. "आमच्याकडे आणखी दहा मिनिटं थांबण्याइतकं इंधन आहे. त्यानंतर आम्ही नागपूरला वळू."

नागपूर म्हणजे गौतम घरी पोचायला संध्याकाळ. मावशींचा निरोप सुपरवायझरकडे येऊन पडला होता, आईचा श्वास बदललाय, गौतमचं नाव घ्यायलीय. माझ्या समोर स्क्रीनवर ती फट सरकत होती. स्वच्छ, मोकळी, कुणाच्याही उपयोगाची नसलेली. कुणी परत वर गेलं नव्हतं. नियमात ती फट कुठेच नव्हती. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, ते मला सांगू नका.

मी पुण्याच्या विमानाला त्या जागेत घातलं.

पायलटनं माझ्या सूचना परत म्हणून दाखवल्या. तशी पद्धतच आहे, आम्ही सांगायचं, त्यांनी शब्दाला शब्द परत म्हणायचं. पण त्या सूचना दोनदा आल्या. तोच आवाज, तेच शब्द, दुसऱ्यांदा किंचित मागून, आणि खूप लांबून... मी दचकून स्क्रीनकडे पाहिलं. विमानाचा ठिपका चळतीतून सुटून खाली येत होता. आणि त्याच नंबरचा एक ठिपका वर, जिथं होता तिथंच, घिरटी घालत होता. रडार फिरलं. वरचा ठिपका पुसला गेला. असं कधीमधी होतं, रडारलाही भास होतात, त्याला आमच्याकडे नाव आहे. मी पुढच्या विमानाकडे वळले.

काही वेळानं टॉवरचा फोन वाजला. सुधीर होता.

"मॅडम, पुणे उतरलं."

"छान. मग?"

"काही नाही. पण टिटव्या उठल्या नाहीत."

घरी पोचेपर्यंत धुकं उडून लख्ख ऊन पडलं होतं. जिन्यातच मावशींचा आवाज ऐकू आला आणि मी रडायलाच लागले, कारण त्या हसत होत्या. "आला ग बाई वेळेवर! बघ, लेकरू आईपाशी बसलंय."

गौतम आईच्या उशाशी बसला होता. मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट ओला होता. दंव पडलेल्या गवतासारखा, आतपर्यंत ओला आणि गार.

"भिजलास कुठं रे?"

तो लगेच बोलला नाही. मग वळून म्हणाला, "धुकं होतं."

"आणि बॅग?"

पुन्हा तसंच, क्षणभर उशिरा. "बॅग मागून येईल."

मला वाटलं, बिचारा हादरलाय. मावशींनी गंगाजलाचा गडू फोडला, तुळशीचं पान आणलं, पळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती आईच्या ओठांशी नेली. आईनं डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, चष्मा नसताना पेपर वाचायची तेव्हा डोळे बारीक करायची ना, तसं. आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं.

"तारामतीबाई, गौतम हाय की हा," मावशी तिच्या कानाशी म्हणाल्या. "तुमचा गौतम."

आईनं मान दाराकडे वळवली. "गौतम यायचाय अजून," ती म्हणाली. "येऊ दे त्याला."

त्याच वेळी माझा फोन वाजला. गौतमचं नाव, त्याचा मुंजीतला फोटो. मी समोर बसलेल्या गौतमकडे पाहिलं. फोन बॅगेत राहिला असेल, कुणाला तरी सापडला असेल, असं म्हणत मी बाल्कनीत गेले.

"ताई..." आवाज त्याचाच होता. पाठीमागे विमानाची एकसुरी घरघर, कुठलं तरी लहान मूल किरकिरत होतं. "ताई, आम्ही अजून वरच आहोत ग. धुकं आहे म्हणतायत. खालून परवानगी नाही. आणखी दहा मिनिटं म्हणाले. आईला थांबायला सांग... मी येतोय."

तितक्या उंचीवरून फोन लागत नाही. हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी "गौतम, गौतम" म्हणत राहिले आणि फोन बंद झाला. वळले तर तो बाल्कनीच्या दारात उभा होता. त्याच्या पायाखाली फरशीवर पाणी साचलं होतं.

"अजून वरच आहेत का ते?" त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तो आत जाऊन पुन्हा आईच्या उशाशी बसला.

आई त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संक्रांत झाली, मावशींनी तिच्या उशाला तिळाची वडी ठेवली, आणि आई तशीच, गळालेल्या पानाइतकी हलकी झालेली, दाराकडे डोळे लावून. माझ्या हातून पाणी घ्यायची, मावशींच्या हातून घ्यायची. त्याच्या हातून थेंब नाही. डॉक्टर येऊन नाडी धरायचे आणि खांदे उडवायचे. तो मात्र सावलीसारखा तिच्याजवळ. जेवायचा, ताट स्वच्छ करायचा, मावशींशी दोन शब्द बोलायचा. शर्ट बदलला तरी तासाभरात ओला. त्याला मी 'गौतम' म्हणून एकदाही हाक मारली नाही, आणि त्यानं त्याबद्दल विचारलंही नाही. रात्री माझ्या खोलीला मी आतून कडी घालत होते. स्वतःच्या घरात!

फोन आणखी दोनदा आला. दर वेळी तीच घरघर, तेच मूल, तेच शब्द. आणखी दहा मिनिटं म्हणाले, ताई. वर त्याचा एक दिवससुद्धा उलटला नव्हता.

कधी कधी मला वाटायचं, त्या विमानात दीडशे माणसं होती. त्या दिवशी दीडशे घरांत कोण कोण आलं असेल, काय म्हणून जेवायला बसलं असेल. मी चौकशी करायला गेले नाही. माझ्यात तेवढं धैर्य नाही.

शेवटी मी भगवंतरावांकडे गेले. मला दारात पाहून त्यांनी थट्टा सुरू केली, आणि माझं तोंड बघून मध्येच सोडली.

"भरलीस?" त्यांनी विचारलं.

मी मानेनं हो म्हटलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. बाहेर क्लासला जाणाऱ्या पोरांचा गोंगाट चालला होता.

"कोण होतं त्यात?"

"माझा भाऊ."

"पुढच्या धुक्यात जागा सोड," ते म्हणाले. "तो बोलेल. बोलला की उतरव त्याला. मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी एकदा उतरवलंय. त्यांनी मला एवढंच सांगितलं."

"आणि... जो घरी आहे?"

"त्याच्यासमोर यातलं अवाक्षर काढू नकोस, माधवी. काहीही झालं तरी नाही."

मी काढलं नाही. पण जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी गारठा वाढला, हवामानखात्याचा अंदाज आला, पहाटे दाट धुकं. आईचा श्वास त्या दिवशी फार लागला होता. दर श्वासाला वाटायचं, हा शेवटचा. तो स्वयंपाकघरात होता, नळ चालू होता, भांड्यांचा आवाज येत होता. मी आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, एवढी रात्र काढ ग. उद्या येतोय तो. उद्या धुकं आहे, मी आणतेय त्याला खाली." आईनं माझं बोट धरलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग माझ्या लक्षात आलं की नळ बंद झालेला आहे.

जेवताना तो म्हणाला, "ताई, उद्या रजा टाक."

त्यानं मला ताई म्हणायची ही पहिलीच वेळ. मी मान खाली घालून वरणभात चिवडत राहिले. "नाही मिळायची," मी म्हणाले. त्यानं आपलं ताट आवरलं. माझं ताटही त्यानंच उचललं.

सकाळी धुकं पहिल्यापेक्षा दाट होतं. मी आईला मावशींच्या हवाली केलं, मावशींना बजावलं, पाणी तुमच्याच हातानं पाजा. आणि कामावर गेले. पुण्याचं सकाळचं विमान पुण्यातच जमिनीवर थांबवून ठेवलेलं होतं, तसा निरोप माझ्यासमोर होता. म्हणजे वर त्या नंबरचं कुणीही नव्हतं. मी सहा विमानं सोडली, आणि सातवी जागा मोकळी ठेवली.

हेडफोनमध्ये खरखर झाली.

"आम्ही अजून थांबलेलो आहोत," त्याच शांत बाईचा आवाज म्हणाला. खूप लांबून. आणि मग तोच नंबर. "आणखी किती वेळ?"

मी तिला खाली यायला सांगितलं. तिनं माझे शब्द परत म्हटले. या वेळी एकदाच. स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं. मी त्या रिकाम्या फटीला दिशा देत होते, उंची देत होते, आणि शेजारचे माझ्याकडे बघत होते. मग ती फट धावपट्टीला लागली आणि टॉवरचा फोन वाजला.

"मॅडम," सुधीर कुजबुजला, "टिटव्या... सगळ्या उठल्या. सगळ्या."

माझी पाळी बदलली. फोन आत नेता येत नाही, बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. मी कपाट उघडलं तेव्हा तो वाजतच होता.

"ताई, उतरलो ग एकदाचे!" पाठीमागे घरघर नव्हती. माणसांचा कालवा होता, सामानाच्या पट्ट्याचा खडखडाट होता. "काय लोक आहात तुम्ही, किती तो उशीर! बॅग मिळाली, टॅक्सीत बसतोय. आई आहे ना? थांबलीय ना?"

"थांबलीय," मी रडत हसत म्हणाले. "ये रे तू. लवकर ये."

मग मी घरी फोन लावला. आईच्या कानाशी धरा म्हणून सांगायचं होतं. मावशींनी उचलला आणि त्या हुंदके देत होत्या.

"गेली ग माधवी. आत्ता, पाच मिनिटं झाली. सोन्यासारखं मरण आलं बघ."

"पाणी कुणी पाजलं?" मी विचारलं.

"लेकाच्या हातचं पाणी घेऊन गेली ग शेवटी," मावशी सांगत होत्या. "कसं सुचलं त्याला देव जाणे. उठला, बूट घातले, दाराबाहेर गेला. बाहेरून बेल वाजवली. मी दार उघडलं तर तसाच आत आला अन् मोठ्यानं म्हणतो, आई, आलो ग मी, आत्ता उतरलो विमानातून, उशीर झाला. तशी तिनं तोंड उघडलं बघ. पाखराच्या पिल्लावानी. सगळी पळी प्याली. मग त्याच्याकडं नीट बघितलं... अन् डोळे तसेच राहिले ग. मिटायलो तरी मिटंनात."

मावशींच्या मागून कुणीतरी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"हौ, विचारते," मावशी तोंड बाजूला करून म्हणाल्या. मग मला, "गौतम विचारायलाय ग, टॅक्सी कुठवर आली म्हणून. कुणाची टॅक्सी, माधवी? कोण यायलंय?"